नेड्राची पिवळी रेघ

नेड्रा ऑस्टलंडच्या घरी पिठाच्या डब्यावर पिवळी रेघ असते. अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. परसदाराच्या कडीवर असते, पिकअप गाडीच्या पेट्रोलच्या झाकणावर असते, शिवणाच्या पेटीवरही असते. पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, काही नेमधर्म असेल, आपण उंबऱ्यावर हळदीची बोटं ओढतो तसा. नंतर कळलं, नेम वगैरे काही नाही. झाकण केसभर जरी फिरलं तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर येत नाहीत. कुणीतरी हात लावला, हे तिला पाहताक्षणी समजतं.

टॅनर क्रॉसिंगला येऊन आम्हांला बावीस वर्षं झाली. वायोमिंगमधलं हे गाव एवढंसं आहे, माझे यजमान इथल्या दवाखान्यात क्ष-किरणाचं मशीन चालवतात. त्यातली अकरा वर्षं मी नेड्राच्या बंदुकांच्या दुकानात आठवड्याचे चार दिवस काउंटरवर बसते. फोन घ्यायचा, आलेल्या बंदुकीला तारीख घालून चिठ्ठी बांधायची, मालकाच्या हातात परत देताना त्याची सही घ्यायची. बंदुकीतलं मला फार कळत नाही. माणसांतलं थोडंफार कळतं, असं त्या वसंतापर्यंत मला वाटत होतं.

ही रेघ नेड्राच्या वडिलांची. ते सैन्यात विमानांच्या दुरुस्तीवर होते. स्क्रू आवळून झाला की स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढायची, ही तिकडची शिस्त. त्यांनी दुकान काढलं तेव्हा ती शिस्त इथे आणली आणि मुलीला शिकवली. ते गेल्यावर दुकान नेड्राकडे आलं. तोवर रेघ फक्त स्क्रूवर होती.

डब्यांवर ती आली रुलनमुळे. रुलन तिचा नवरा. गोड बोलायचा, चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायचा. नेड्राच्या वडिलांची जुनी जर्मन हत्यारं लाकडी पेट्यांत फळीवर मांडलेली होती. वर्षभर रुलन त्यातलं एकेक उचलून शहरात नेऊन विकत होता. पेटी हलकी लागू नये म्हणून आत चिंधीत गुंडाळलेला नदीतला गोटा ठेवत होता. अकरा पेट्यांतून अकरा गोटे निघाले. नेड्राने ते सगळे त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात नेऊन ठेवले आणि दाराचं कुलूप बदललं. मला हे गावातल्यांनी सांगितलं. तिने सांगितलं ते एवढंच, की बंद पेटीसमोर ती वर्षभर रोज हसत उभी राहिली होती.

तर अशी ही बाई. उंच, हाडापेराने मोठी, बासष्ट वर्षांची, चष्म्यावर अजून एक भिंग अडकवलेलं. तिचा विश्वास बसलेला माणूस गावात एकच होता, थेरॉन बीसली.

थेरॉन तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. मातीच्या खाणीतून निवृत्त झाला आणि दुकानात आला, त्याला एकोणीस वर्षं झाली होती. चर्चचा माणूस. त्यांच्यात कॉफी वर्ज्य, म्हणून तो थर्मासमधून कोको आणायचा. नेड्रा लहानपणी त्याच चर्चची होती, पण आता दिवसाला सहा कप कॉफी पिते. सकाळी दोघं समोरासमोर आपापलं पीत बसायची आणि तोंडाने चिमटे काढायची.

"थेरॉन, तुझा देव फार कडक रे. कपात काय आहे तेसुद्धा वाकून बघतो."

"तुझ्याहून मवाळ आहे, मालकीणबाई. पिठाच्या डब्यावर रेघा ओढत नाही."

वसंतात आमच्याकडे मेंढ्या वितात. कोकरं जमिनीवर पडली की कोयोटे येतात, आपल्याकडच्या कोल्ह्याचे थोरले भाऊच ते. त्यामुळे एप्रिलपासून मेंढपाळ कुटुंबं आपापल्या रायफली दुकानात आणून टाकतात. कुणाला बॅटरी लावून हवी असते, कुणाला पट्ट्याची कडी, कुणाला नळीखाली दोन पायांचा टेकू. हे सगळं बसतं हँडगार्डवर, म्हणजे नळीभोवती जे ॲल्युमिनियमचं कवच असतं, डावा हात जिथे धरायचा, त्यावर. कवचाला लांबट खाचा असतात. टेकूच्या बैठकीतून स्क्रू जातो, त्याच्या टोकाला एक लांबट नट असतो, खजुराच्या बीएवढा. तो खाचेतून सरळ आत जातो आणि स्क्रू फिरवला की पाव फेरा वळून आतल्या बाजूने आडवा होतो. दाराला आतून अडसर घालावा तसा. मग आवळत जायचं. स्क्रू उलटा फिरवला की अडसर निघतो.

या कामात दोघांची वाटणी ठरलेली होती. थेरॉन खाचा पुसायचा, स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याला निळ्या गोंदाचा थेंब लावायचा, नट आत सोडून बोटांनी फिरवून बसवायचा. आडवा झाला की नाही, हे शेजारच्या खाचेतून दंतवैद्याच्या इवल्याशा आरशाने बघायचा. मग बंदूक नेड्राच्या टेबलावर. तिच्याकडे मापाचा ड्रायव्हर होता, ठरलेला जोर आला की टक् वाजणारा. टक् वाजलं की ती रेघ ओढायची. शेवटचा फेरा तिचा आणि रेघ तिची, यात एकोणीस वर्षांत कधी बदल झाला नाही.

फेब्रुवारीत थेरॉनच्या पुतण्याने, कोल्बीने, महामार्गाच्या वळणावर स्वतःचं बंदुकांचं दुकान उघडलं. नवीन यंत्रं, मोठी पाटी. नेड्राने ऐकून घेतलं. थेरॉनला म्हणाली, पोरगं कष्टाळू आहे, चालेल त्याचं. पण त्या आठवड्यापासून मी एक पाहत होते. थेरॉन दुपारी जेवायला घरी गेला की नेड्रा त्याने बसवलेला प्रत्येक स्क्रू एक फेरा मागे फिरवायची, भिंगातून गोंद आहे का बघायची, आणि पुन्हा आवळून रेघ ओढायची. मी विचारलं तर म्हणाली, सहज. मीही सहज म्हणून सोडून दिलं.

मेच्या दुसऱ्या सोमवारी बेनात एलिसागा आला. स्पेनच्या डोंगरांतून आलेल्या बास्क लोकांपैकी, तीन पिढ्यांची मेंढरं, आवाज एरवी डोंगरापलीकडे जाणारा. त्या दिवशी हळू बोलत होता. रायफल काउंटरवर ठेवली आणि टेकूला बोट लावलं. पडायला आलेल्या दातासारखा टेकू हलला.

पहाटे फटफटल्यावर तो उतारावर आडवा पडून कोयोट्यावर नेम धरून होता. चाप ओढता ओढता टेकू एका बाजूला गेला, नळी फिरली आणि गोळी गेली त्याच्याच मेंढपाळाच्या गाडीतून. चाकांवरची ती पत्र्याची खोली, तिच्या धुराड्यातून आरपार. आत पेरूहून आलेला एउसेबियो चुलीवर कॉफी ठेवत होता. कॉफीचं भांडं हातात घेऊनच तो बाहेर आला आणि बघत उभा राहिला, म्हणे.

"हातभर खाली गेली असती तर," बेनात म्हणाला.

नेड्राने रायफल दिव्याखाली धरली. तीन स्क्रू, तीन पिवळ्या रेघा. तिन्ही सलग. केसाएवढीही तुटलेली नाही. तिने भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिच्या मानेवर लाल डाग उठले. बेनातला एवढंच म्हणाली, की बुधवारी ये, तोवर ही इथेच राहील.

तो गेल्यावर तिने मला आत बोलावलं आणि दार लोटलं. तिचं गणित सरळ होतं. रेघ तुटल्याशिवाय स्क्रू सैल होत नाही. इथे स्क्रू सैल आहे आणि रेघ सलग आहे. म्हणजे कुणीतरी स्क्रू सोडला, आणि वरून तिच्यासारखीच रेघ ओढली. तिच्या पिवळ्या रंगाची बाटली कुठे असते हे ती, मी आणि थेरॉन, तिघांनाच ठाऊक.

"तू नाहीस," ती मला म्हणाली. ज्या सुरात म्हणाली त्यावरून मला कळलं, की तिने तेही तपासून पाहिलं होतं.

फेब्रुवारीपासून टेकू किंवा बॅटरी लावून अशा दहा रायफली दुकानातून गेल्या होत्या. खरं तर त्याच दिवशी उरलेल्या नऊ जणांना फोन करायला हवे होते. मला सुचलं नाही, हे मी कबूल करते. नेड्राच्या डोक्यात बंदुका नव्हत्याच, माणूस होता. थेरॉन आपलं काम सैल करून ठेवतोय, लोक चिडून वळणावरच्या दुकानात जावेत म्हणून, असं तिने मनाशी पक्कं केलं. मला म्हणाली, लक्ष ठेव.

आणि मी ठेवलं. संशय पडशासारखा असतो, एकाच खोलीत बसलं की लागतो. थेरॉन खोकला तरी मला वाटायचं, हा वेळ काढतोय. मंगळवारी दुपारी त्याने आपल्या खणातून काहीतरी काढलं, रुमालात गुंडाळलं, खिशात घातलं आणि घरी जेवायला न जाता महामार्गाकडे चालू लागला. मी खिडकीतून पाहिलं. तो कोल्बीच्या दुकानात शिरला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा रुमाल वरच्या खिशात होता. मी हे नेड्राला सांगितलं. सांगताना मला बरं वाटलं, आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना वाईट वाटलं. कुणाबद्दल खरं बोलूनही आपण वाईट वागलेलो असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

बुधवारी सकाळी बेनात आला. थेरॉन आपल्या टेबलावर एक खाच कापडाने पुसत होता. नेड्राने बेनातची रायफल आणून काउंटरवर ठेवली आणि थेरॉनला हाक मारली. आवाज चढवला नाही. रेघा दाखवल्या, हलणारा टेकू दाखवला आणि म्हणाली, की ही रेघ माझी नाही, माझी बघून ओढलेली आहे. काल दुपारी तू रुमालात बांधून पुतण्याकडे काय नेलंस ते मी विचारत नाही. हे कधीपासून चाललंय तेवढं सांग.

बेनातने नजर जमिनीकडे वळवली. थेरॉनने हातातलं कापड घडी घालून ठेवलं. टेकू बोटाने हलवून पाहिला. मग त्याने एकच विचारलं.

"मी बसवल्यानंतर त्या स्क्रूंना कुणाचा हात लागला?"

"माझा. दुसऱ्या कुणाचाच नाही."

"मग झालं तर," थेरॉन म्हणाला.

त्याने ॲप्रन सोडला, चौघडी करून टेबलावर ठेवला, टोपी घेतली. जाताना बेनातला म्हणाला, एउसेबियोच्या धुराड्याला पत्रा हवा असेल तर माझ्या गोठ्यात आहे. मला नेहमीसारखं "येतो" म्हणाला.  थर्मास तिथेच राहिला.

दुपारपर्यंत गावात दोन पक्ष झाले होते. पोस्टात म्हणत होते, एकोणीस वर्षांनी कशाला करेल तो असं. किराणा दुकानात म्हणत होते, नात्यापुढे माणूस काहीही करतो. कोल्बीच्या दुकानासमोर तीन गाड्या जास्त उभ्या दिसल्या. नेड्राने सगळा दिवस रंगाच्या बाटलीची जागा बदलण्यात घालवला.

आता उरलेल्या नऊ जणांना फोन करावे लागणारच होते. गुरुवारी मी ते केले. चौघे लागले, त्यांना बंदूक न वापरता घेऊन या म्हटलं. पाच जण कोकरांमागे डोंगरात होते. तिथे फोन लागत नाही. पहिली आली मिसेस हॉकेट, सत्तरीची विधवा, एकटी साडेतीनशे मेंढ्या सांभाळणारी. तिच्या रायफलीला बॅटरी लावून दिली होती. बॅटरी हलत होती. रेघा सलग.

मी वहीतली चिठ्ठी शोधली, माझ्याच अक्षरातली. थेरॉनने ही बंदूक एका शुक्रवारी बसवून दिली होती आणि त्याच संध्याकाळी तो लेकीकडे आयडाहोला गेला होता. शनिवारी नेड्राने आवळली, रेघ ओढली, लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली तिच्याकडे. सोमवारी तिने स्वतः ती मिसेस हॉकेटच्या हातात दिली. थेरॉन परत आला मंगळवारी. म्हणजे रेघ ओढल्यानंतर ही बंदूक त्याने पाहिलीच नव्हती.

मी चिठ्ठी नेड्रापुढे ठेवली. तिने ती दोनदा वाचली. मला वाटलं, आता खाली बसेल. ती म्हणाली, "मग बसवतानाच वाकडी बसवली असेल. मुद्दाम."

मिसेस हॉकेट खुर्चीवर बसून बिस्किट खात होती. म्हणाली, "नेड्रा, तुझी कोंबडी मेली तरी तू आधी खून कुणी केला ते शोधशील. म्हातारी झाली होती का, ते नंतर."

नेड्रा हसली नाही. पण तिने छोटी बॅटरी घेतली आणि शेजारच्या खाचेतून आत पाहिलं. कितीतरी वेळ पाहत होती. मग मला म्हणाली, ये, बघ. मी डोळा लावला. आत नट दिसत होता. आडवा नव्हता. तिरका होता, एक कोपरा खाचेच्या काठावर जेमतेम टेकलेला. अर्धा घातलेला अडसर. स्क्रू आणि नट एकमेकांना घट्ट धरून होते, अगदी पक्के. दोघांनी मिळून बंदुकीला धरलेलं नव्हतं.

"असा बसवतो तो," नेड्रा म्हणाली. "एकोणीस वर्षं मला..."

त्या क्षणी बोलायचं की नाही हे माझ्यावर होतं. मी नोकर होते, आणि तिचा स्वभाव मला ठाऊक होता. पण मंगळवारी मी थेरॉनबद्दल जे पाहिलं ते धावत येऊन सांगितलं होतं. तिच्याबद्दल जे तीन महिने पाहत होते ते गिळून बसले, तर देवापुढे कुठल्या तोंडाने उभी राहणार होते? मी म्हटलं, "नेड्रा, तो जेवायला गेला की तू प्रत्येक स्क्रू मागे फिरवत होतीस. गोंद बघायला. फेब्रुवारीपासून."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. आधी मीही संशयात गेले, ते मला स्पष्ट दिसलं. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं.

तिने एक रिकामं हँडगार्ड शेगड्यात, टेबलाच्या लोखंडी पकडीत, आवळून धरलं. थेरॉनसारखा नट आत सोडला, बोटांनी फिरवून आडवा केला, आरशाच्या जागी बॅटरीने बघितलं. बरोबर. मग स्वतःसारखा स्क्रू एक फेरा मागे घेतला, पुन्हा आवळला. टक्. आत बघितलं. आडवा. मिसेस हॉकेट म्हणाली, बघ, झालं की. नेड्राने पुन्हा केलं. टक्. आडवा. तिसऱ्यांदा टक् वाजलं, तेव्हा नट तिरका होता. चौथ्यांदा बरोबर. पाचव्यांदा पुन्हा तिरका, आणि बाहेरून बघणाऱ्याला पाचही सारखेच. एकोणीस वर्षं थेरॉनने घातलेल्या अडसरावर ती फक्त आवळत आली होती. त्याच्यावरचा विश्वास उडाला तेव्हा तिने स्वतःच्या हाताने अडसर काढला आणि दार लावलंय असं समजली. रेघ सांगत होती ते खरंच होतं, स्क्रू हलला नव्हता. नटाबद्दल रेघेला कुणी विचारलंच नव्हतं.

"पाच अजून डोंगरात आहेत," मी म्हटलं.

नेड्राने गाडीची किल्ली घेतली. मिसेस हॉकेटची बंदूक दुकानात ठेवून घेतली, आणि मला म्हणाली, चिठ्ठ्या घेऊन बस. मला वाटलं डोंगराकडे निघालो. गाडी थेरॉनच्या फाटकाशी थांबली.

तो शेतातल्या पाटावर होता, गुडघाभर बूट घालून फळी बसवत, पाणी वळवत. आम्हांला पाहून त्याने फावडं सोडलं नाही. नेड्रा पाटाच्या या काठाला उभी राहिली. तिने फिरवाफिरवी केली नाही. काय केलं, कधीपासून, कसं, पाच वेळा करून पाहिलं, दोनदा तिरका बसला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चोर मी तुला ठरवलं, बेनातसमोर. चूक माझ्या हाताची होती."

थेरॉनने फळी नीट दाबली. "ते मला काउंटरवरच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकत नव्हतीस. तू पकडत होतीस."

पाणी फळीवरून सांडत होतं. तो पुढे म्हणाला, आणि हे त्याने फावड्याकडे बघत म्हटलं, "चोर ठरवलंस ते एवढं नाही लागलं. तीन महिने दुपारी माझं काम उघडून बघत होतीस आणि सकाळी समोर बसून हसत होतीस. ते लागलं, नेड्रा."

तिचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. रुलनची आठवण दोघांनाही आली असणार. त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

थेरॉनने विचारलं, किती गेल्यात बाहेर. मी सांगितलं, पाच. बूट न काढता तो गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, सगळ्यात लांबची आधी, पाऊस आला तर तो रस्ता बंद होतो.

दुपारभर आम्ही फिरलो. वाटेत त्याने वरच्या खिशातून रुमाल काढून उलगडला, आत तो दंतवैद्याचा आरसा होता. दांडी मोडली होती, कोल्बीने डाख लावून दिला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. थेरॉनने मला काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं, की मंगळवारी तुम्हांला पाहून नेड्राला सांगणारी मी. तो म्हणाला, "माहीत आहे. खिडकीचा पडदा हलत होता."

प्रत्येक ठिकाणी नेड्रा आधी उतरायची. टोपी काढून म्हणायची, तुमच्या बंदुकीवरचं काम माझ्या चुकीने धोक्याचं झालंय, थेरॉनचा त्यात दोष नाही, मी बुधवारी जे बोलले ते खोटं होतं. शब्द तेच, पाचही ठिकाणी. एका खोपटाशी बाईने तोंडावर दार लावलं आणि बंदूक खिडकीतून दिली. एका ठिकाणी मालक म्हणाला, बुधवारचं काही मला माहीतच नाही, मी सहा दिवस इथेच आहे. तरी तिने ते पुन्हा सगळं सांगितलं. मग थेरॉन गाडीच्या फाळक्यावर बसून आरसा आत घालायचा, नट तिरका दिसला तर नीट बसवायचा, आणि आवळायला ड्रायव्हर तिच्या हातात द्यायचा. पाचांतल्या दोन बंदुकांचे नट तिरके निघाले. तीन बरोबर होत्या. त्या तिन्हींचे स्क्रू तिने काढायला लावले नाहीत. आरशातून बघितलं आणि हात मागे घेतला. तेवढ्यासाठी तिला फार जोर लागला, हे मी शेजारून पाहत होते.

येताना एउसेबियोच्या गाडीवर थांबलो. धुराड्याला दोन्ही बाजूंनी घेवड्याच्या डब्याचे पत्रे ठोकलेले होते. नेड्राला स्पॅनिश थोडं येतं. काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण बराच वेळ लागला. एउसेबियोने मान हलवली, भोकाकडे बोट दाखवलं, मग आपल्या डोक्याकडे, आणि मधलं अंतर दोन्ही हातांनी दाखवलं. तो हसत नव्हता. नेड्रा ते अंतर बघत उभी राहिली. मग त्याने तिला कॉफी दिली, मला दिली, थेरॉनला गरम पाणी दिलं. क्षमा केली की नाही, ते त्याने सांगितलं नाही. त्याने सांगायलाच हवं असंही काही नव्हतं.

थेरॉनच्या फाटकाशी नेड्राने इंजिन बंद केलं. विचारलं, सोमवारी येशील का. त्याने टोपी गुडघ्यावर फिरवली. म्हणाला, सोमवारी बेनातकडे मेंढ्या कातरायच्या आहेत, शब्द दिलाय. पुढचं बघू. उतरला, आणि पाटाकडे गेला.

तो आठवडाभर आला नाही. नेड्राने फोन केला नाही, मलाही करू दिला नाही. टेकूचं एकही काम तिने घेतलं नाही. लोकांना वळणावरच्या दुकानाचा पत्ता द्यायची आणि तोंडाने म्हणायची, तिकडे चांगलं करतात.

त्याच्या पुढच्या मंगळवारी सव्वानऊला दार वाजलं. थेरॉन आत आला. ॲप्रन बांधला नाही. म्हणाला, मी येतो, पण एका स्क्रूवर दोघांचे हात नकोत. जी बंदूक मी घेईन ती पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी. आवळणार मी, रेघही मीच ओढणार. नसेल पटत तर सांग, मी पाटावर जातो, पाणी सोडून आलोय.

नेड्राने हातातला ड्रायव्हर खाली ठेवला. मी वहीत डोकं घातलं. एकोणीस वर्षांत तिने शेवटचा फेरा कुणाला दिला नव्हता, बापाचं दुकान होतं ते.

"टेबल कुठे हवंय?" तिने विचारलं.

"खिडकीपाशी."

टेबल ओकचं, जुनं, एकट्याने हलणारं नव्हे. थेरॉनने एक बाजू धरली, नेड्राने दुसरी. ओढताना फरशीवर पांढरे ओरखडे उठले. अजून आहेत. त्याच्या टेबलावरच्या बंदुकीला ती आता हात लावत नाही. बघते मात्र, आपल्या जागेवरून, भिंगावरून डोळे उचलून. आणि तो बघू देतो.